नकाशा पक्का होण्याआधी



कोल्हापूरच्या शेंडा पार्कात 1100 खाटांचं सरकारी रुग्णालय उभं करायचं ठरलं आहे. त्यातल्या 250 खाटा कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहेत. जिल्ह्यातल्या गरीब माणसाच्या दृष्टीनं इतका महत्त्वाचा निर्णय बऱ्याच वर्षांत झालेला नाही, असं मी मानते. कोल्हापुरात आणि मिरजेत आजही कॅन्सरवर उपचार होतात. जीवनदायी योजनेतून अनेकांना ते मोफत मिळतात. तिचं नाव आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून जीवनदायीच आहे. तरीही कितीतरी घरं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय गाठतात. रात्री इथून निघायचं, सकाळी दादरला उतरायचं आणि केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे स्लीपरचं भाडं माफ करते, सोबत्याला 75 टक्के सवलत देते. मुंबईत उतरल्यावर राहायचं कुठं, हे मात्र ज्याचं त्यानं बघायचं. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे. तिथं जागा नाही मिळाली तर टाटाच्या बाहेर फूटपाथवर पथारी पडते.

टाटा मेमोरियल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. या देशातल्या कॅन्सरवरच्या उपचारांचा तो पाया आहे आणि त्या संस्थेचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या फूटपाथकडं बघून नवं रुग्णालय बांधणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडं रुग्णालय बांधताना खाटा मोजतात. खाटेशेजारचं माणूस कुणी मोजत नाही.

आज मी एकच मागणी घेऊन उभी आहे. शेंडा पार्कातल्या कॅन्सर विभागाची आतली रचना पक्की होण्याआधी, ती आखणाऱ्यांच्या टेबलाशी रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बसले पाहिजेत. सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते, वास्तुविशारद, अधिष्ठाता, विभागप्रमुख हे सगळे तिथं असणारच. त्यांच्या बरोबरीनं ज्यांनी उपचार सोसलेत आणि ज्यांनी रात्र रात्र जागून ते करवून घेतलेत, तीही माणसं हवीत. उद्घाटनानंतर दारात अभिप्रायाची वही ठेवायची ही आपली पद्धत आहे. तोवर भिंती उभ्या राहिलेल्या असतात.

वैद्यकीय समाजसेविका म्हणून माझी नोकरी कॅन्सरच्या वॉर्डात गेली. योजनेचे कागद, रक्ताची सोय, गावाकडं फोन, हे माझं काम. डॉक्टरांना रुग्ण भेटतो तो तपासणीच्या टेबलावर. मला तो भेटायचा बाकावर, जिन्यात, संडासाच्या दाराशी. म्हणून मी आज त्या जागांबद्दल बोलणार आहे.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर लाईट, म्हणजे रेडिएशन, घेणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. हा उपचार आठवड्यातले पाच दिवस, साधारण पाच आठवडे चालतो. मशीनखाली काही मिनिटंच झोपायचं असतं. पण त्या वेळी लघवीची पिशवी भरलेली असावी लागते, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणांच्या मार्गातून बाजूला होतात. म्हणून बाईंना आधी लघवी करून यायला सांगतात, मग अर्धा लिटर पाणी प्यायला लावतात आणि बाहेर बसवतात. इथवर ठीक आहे. मग मशीन अडकतं, नाहीतर वॉर्डातला एखादा गंभीर रुग्ण मध्येच घ्यावा लागतो. अर्ध्या तासाचा दीड तास होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लघवीला आग सुरू झालेली असते, कळ सोसत नाही. संडास कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. बाई तिथवर पोचत नाहीत. लुगडं भिजतं. समोरच्या बाकावर पुरुष बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्या येत नाहीत, तिसऱ्या दिवशीही येत नाहीत आणि केसपेपरवर शेरा पडतो: रुग्णाने उपचार अर्धवट सोडले.

मध्ये खंड पडला की या उपचाराचा गुण कमी होतो, हे कुठलाही कॅन्सरतज्ज्ञ सांगेल. म्हणजे ते संडास कुठं आहे हा स्वच्छतेपुरता प्रश्न राहत नाही, तो उपचाराचाच भाग होतो. मशीनच्या दाराला लागून बायकांची वेगळी बसायची जागा, तिथंच संडास, आणि आज किती उशीर आहे हे सांगणारा एक फळा, म्हणजे पाणी कधी प्यायचं ते कळेल. यात महाग काय आहे? फक्त नकाशा काढताना कुणीतरी हे सांगायला हवं. आखणाऱ्याला ते ठाऊक नसतं, त्यात त्याचा दोष नाही. आणि ज्या बाईला ठाऊक असतं तिला कुणी विचारत नाही.

केमोच्या खोलीचंही तसंच. काही औषधांबरोबर मूत्रपिंडं सांभाळण्यासाठी सलाईनच्या बाटल्यावर बाटल्या चढवाव्या लागतात. साहजिकच रुग्णाला सारखं उठावं लागतं. सलाईनचा स्टँड चाकांचा, संडासाला उंबरा, दार अरुंद. स्टँड बाहेरच अडतो. मग मुलगा बाटली हातात उंच धरून अर्धवट उघड्या दाराशी पाठ करून उभा राहतो आणि आत त्याची आई बसलेली असते. दोघांनाही मान वर करवत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की कुठल्याही रुग्णालयात गेले की आधी संडासाचं दार बघते. केमोनं तळपायांची जाणीव जाते, त्या माणसाला उकिडवं बसून उठता येत नाही. धरायला भिंतीत एक दांडा लागतो. नाश्त्याच्या तळणीचा वास केमोच्या खोलीत आला तर अर्ध्या लोकांना उलटी होते, म्हणून कॅन्टीन वाऱ्याच्या कुठल्या दिशेला असावं हेही विचारायलाच हवं.

आता तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरकडं या. इकडं निपाणीचा तंबाखूपट्टा, घरोघरी मिसरीची डबी, गड्यांच्या खिशात चंची. आपल्या भागात हे रुग्ण खूप आहेत. जबड्याचं ऑपरेशन झालं की नाकातल्या नळीतून पातळ पेज, ताक, दूध द्यावं लागतं, दर दोन-तीन तासांनी. हे देतं कोण? बायको, भाऊ, सून. पेज शिजवायची कुठं, मिक्सरला वीज कुठली, भांडं धुवायचं कुठं? आज हे जिन्याखाली चालतं, आणि सुरक्षारक्षक हाकलतो तेव्हा झाडाखाली. आपल्याकडं नातेवाईक भेटायला येत नाहीत, ते शुश्रूषा करतात. अंग पुसणं, कूस बदलणं, नळीतून भरवणं, औषध आणणं, योजनेच्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर झेरॉक्स देणं ही कामं तेच करतात. त्यांना उठवून लावलं तर दुसऱ्या दिवशी वॉर्ड बंद पडेल. मग ज्यांच्या जिवावर वॉर्ड चालतो त्यांना पाठ टेकायला जागा, आंघोळीला पाणी आणि एक सामायिक स्वयंपाकघर देणं याला उपकार म्हणायचं का?

कोल्हापूरला तर हे सुचायला बाहेर बघायची गरज नाही. आपण जमलोय त्या दसरा चौकातल्या शाहू स्मारकाच्या आसपास राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली वसतिगृहं उभी आहेत. 1901 मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग निघालं, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातला मुलगा शाळेपर्यंत पोचायचा तर शाळेइतकीच राहायची सोय लागते, हे महाराजांनी ओळखलं. जागा आणि मदत दरबाराची, पण चालवणं ज्या त्या समाजातल्या लोकांच्या हाती. शिक्षणाबाबत जे आपण शंभर वर्षांपूर्वी केलं ते आजारपणाबाबत करायला काय हरकत आहे? चंदगडहून शंभर किलोमीटरच्या पुढं रोज ये-जा करून पाच आठवडे लाईट घेता येत नाही. आजरा, शाहूवाडी, गगनबावडा, तळकोकण, कुठूनही येऊ द्या, राहायची सोय उपचाराच्या आराखड्यातच असली पाहिजे.

रुग्णाला विचारून जागा आखायची, हा विचार जगात दुसरीकडंही झाला आहे, आणि तिथंही तो दुखण्यातूनच निघाला. मॅगी केझविक जेंक्स या बाईंना 1993 मध्ये एडिंबराच्या रुग्णालयात सांगण्यात आलं की कॅन्सर परत आलाय आणि हातात काही महिनेच आहेत. हे ऐकल्यावर त्यांना बाहेर यावं लागलं ते एका बिनखिडकीच्या बोळात, कारण पुढचे रुग्ण ताटकळले होते. बाई बागांची आखणी करणाऱ्या. उरलेल्या दिवसांत त्यांनी आपल्याला काय हवं होतं ते लिहून काढलं आणि आपल्या परिचारिका लॉरा ली यांच्याबरोबर बसून रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या तबेल्यात एका जागेचा आराखडा केला. 1995 मध्ये त्या गेल्या. 1996 मध्ये ते केंद्र उघडलं. तिथं औषधोपचार होत नाहीत. आत शिरलं की स्वयंपाकघर लागतं आणि एक मोठं टेबल. लोक चहा करून घेतात आणि बोलतात. पुढं अशी केंद्रं ब्रिटनभर झाली, फ्रँक गेरी आणि झाहा हदीद यांच्यासारख्या नामवंत वास्तुविशारदांनी ती बांधली. मला त्या नामवंतांपेक्षा ते पहिलं टेबल महत्त्वाचं वाटतं, कारण ते एका रुग्णानं मागितलेलं होतं.

लंडनमध्ये 2016 साली गाईज रुग्णालयाचं नवं कॅन्सर केंद्र सुरू झालं. रुग्णांचा एक गट आराखड्याच्या कामात सहभागी होता. रेडिएशनची यंत्रं सहसा तळघरात असतात. त्यांच्याभोवती दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती लागतात, वजन प्रचंड, त्यामुळं जमिनीखाली सोयीचं पडतं. रुग्णांचं म्हणणं होतं की रोज तळघरात उतरताना जीव घुसमटतो. तिथल्या अभियंत्यांनी ती यंत्रं वरच्या मजल्यावर नेली. जमिनीच्या वर रेडिएशन देणारं ते युरोपातलं पहिलं केंद्र ठरलं. शेंडा पार्कात मशीन वरच चढवा असा माझा आग्रह नाही. काँक्रीट किती जाड असावं हे भौतिकशास्त्र ठरवेल, त्याला मंजुरी अणुऊर्जा नियामक मंडळ देईल, आणि त्यात रुग्णानं बोलायचं कारण नाही. पण त्या मशीनपर्यंत जाणारी वाट, बसायची जागा, उजेड, कपडे बदलायचा आडोसा यांवर बोलायचा अधिकार रुग्णाचा आहे. उजेडाला कुणी लाड म्हणत असेल तर रॉजर उलरिक यांचा 1984 चा अभ्यास बघावा. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी 23 जणांना खिडकीतून झाडं दिसत होती, 23 जणांना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी कडक लागली. अभ्यास लहान आहे, पण चाळीस वर्षं रुग्णालयं बांधणारे त्याचा विचार करत आले आहेत.

तिसरं उदाहरण बॉस्टनचं. डाना-फार्बर या अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॅन्सर संस्थेत 1994 मध्ये बेट्सी लेहमन या 39 वर्षांच्या पत्रकार दगावल्या. आरोग्यावर लिहिणाऱ्या त्या बाई. चार दिवसांत मिळून द्यायचा केमोचा डोस त्यांना रोज, असा चार दिवस दिला गेला. काहीतरी बिनसलंय असं त्या सांगत होत्या. त्या धक्क्यातून संस्थेनं आपला कारभार उघडा केला, 1998 मध्ये रुग्ण आणि कुटुंबीयांचं सल्लागार मंडळ नेमलं, आणि 2011 मध्ये नवी इमारत उभी राहिली तेव्हा तिच्या आखणीत ही मंडळी पहिल्यापासून होती. तिथं लोकांना टेबलाशी बोलवायला एक जीव जावा लागला. आपल्याला तसं थांबायचं कारण नाही.

कुणी म्हणेल, ती पुढारलेल्या देशांची गोष्ट. तर मग बार्शीला चला. डॉ. नेने यांनी बार्शीसारख्या गावात कॅन्सर रुग्णालय उभं केलं आणि 1987 पासून तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात बसून राहिलं तर खेड्यातली बाई येत नाही, आणि येते तेव्हा उशीर झालेला असतो. मग कार्यकर्ते गावागावांत गेले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावली. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यावरच सापडण्याचं प्रमाण वाढलं. पुढं याच मंडळींनी टाटा मेमोरियलच्या साथीनं उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 1,31,746 बायकांचा मोठा अभ्यास केला. 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64. जगानं या आकड्यांची दखल घेतली. त्या दुसऱ्या गटाला तपासणी का मिळाली नाही, यावर पुढं कडक टीकाही झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते. ज्यांच्यावर अभ्यास करायचा त्यांना आखणीतच विचारलं असतं तर हा प्रश्न आधीच उभा राहिला असता.

आता सगळ्यात अवघड भागाकडं येते. रुग्ण आणि नातेवाईक असं आपण एका दमात म्हणतो, पण ते एक नसतात. आपल्या घरांत पहिलं वाक्य असतं, ‘डॉक्टर, पेशंटला सांगू नका.’ प्रेमापोटीच असतं ते. त्यामुळं वडलांच्या आजाराची सगळी माहिती मुलाला असते आणि वडलांना नसते. बाई आजारी असली तर नवरा बोलतो, दीर बोलतो, ती पदर सावरून बसून राहते. अशा घरातला एक माणूस समितीवर घेतला की तो त्याच्या सोयीचं मागणार: गाडी लावायला जागा, पैसे भरायची खिडकी जवळ. तेही हवंच. पण भिजलेल्या लुगड्याबद्दल तो बोलणार नाही, कारण ते त्याला ठाऊकच नाही. म्हणून रुग्णांची बैठक वेगळी आणि नातेवाइकांची वेगळी घ्यावी लागेल. बायकांची बैठक बायकांनी घ्यावी, गावच्या आशाताईंना सोबत घेऊन. आवाज गेलेल्या माणसाला पाटी-पेन्सिल द्यावी आणि तो लिहीपर्यंत थांबावं. आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांनाही बोलवावं. शेवटचे दिवस कसे गेले, निरोपाला दाराआडचा कोपरा मिळाला की दहा खाटांच्या मध्ये सगळं झालं, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

शेंडा पार्क म्हटलं की जुन्या कोल्हापूरकराला कुष्ठधाम आठवतं. ज्या आजाराचं नाव घ्यायला लोक घाबरत, तो झालेली माणसं तिथं राहिली. कॅन्सरचंही नाव घेताना आपण आवाज खाली करतो. मुलीचं लग्न ठरायचं असलं तर आईचा आजार लपवतात. या विभागाचं प्रवेशद्वार वेगळं असावं का, दारावर पाटी काय असावी, यावर रुग्णांमध्येच दोन मतं निघतील. माझं मत आहे की दार वेगळं नको, सगळ्यांबरोबर एकाच दारानं आत जावं. पण त्या दारातून जायचं आहे त्यांना, तेव्हा त्यांचं ऐकून ठरवावं.

हे करायचं कसं, तेही सांगते. दहा-पंधरा जणांचा गट पुरे, पण त्यात निम्म्या बायका, लांबच्या तालुक्यांतली माणसं आणि उपचार अर्ध्यावर सोडलेलं किमान एक माणूस हवं. त्यांना एसटीचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यावी. सल्लागाराला फी देतो, मग यांना फुकट का राबवायचं? निळ्या रेघांचा नकाशा लोकांना वाचता येत नाही, म्हणून मैदानात खडूनं खऱ्या मापाची खोली आखावी. तिच्यात खाट, स्टूल, सलाईनचा स्टँड, स्ट्रेचर ठेवावं आणि माणसांना त्यातून चालायला लावावं. तासाभरात चुका सापडतील. प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर मिळावं: मान्य, किंवा अमान्य आणि का. रुग्ण कल्याण समित्या आपल्याकडं 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून आहेत, पण जिथं उत्तर द्यायची सक्ती नसते तिथं त्या सहीपुरत्या उरतात. याउलट 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत खेड्यातल्या बाईनं माईकवर प्रश्न विचारला आणि अधिकाऱ्याला तिथंच उत्तर द्यावं लागलं. लोकांना बोलता येतं. समोरचा उत्तर द्यायला बांधील असावा लागतो.

यानं काम लांबेल, असा आक्षेप मी अधिकाऱ्यांकडून ऐकला आहे. लांबेल, दोन-तीन महिने. त्या इमारतीत पुढची चाळीस-पन्नास वर्षं लोक उपचार घेणार आहेत. एकदा बांधलेलं संडास हलवायला पुन्हा निविदा निघते आणि तोवर किती रुग्ण अर्ध्यावर परत जातात, त्याचा हिशेब कुठल्याच फायलीत नसतो.

म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला माझी जाहीर विनंती आहे: कॅन्सर विभागाचा आराखडा याच शाहू स्मारकात आठवडाभर मांडा, समजावून सांगायला माणूस ठेवा आणि आलेल्या प्रत्येक सूचनेचं उत्तर लावा. काम कितीही पुढं गेलं असलं तरी दारं, संडास, बाकं, स्वयंपाकघर यांबाबत ऐकून घ्यायला वेळ असतोच. आणि या सभागृहात ज्यांनी स्वतः उपचार घेतलेत किंवा घरच्या माणसाला घेऊन रुग्णालयात दिवस काढलेत, त्यांना माझं सांगणं आहे की आज घरी गेल्यावर एका कागदावर लिहा, कुठं थांबावं लागलं, कुठं लाज वाटली, काय असतं तर सोसणं हलकं झालं असतं. नाव घालायचं नसेल तर घालू नका. तो कागद अधिष्ठात्यांच्या नावानं पाठवा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.